पडद्याच्या दुमडीतली पदकं

डिंफ्ना आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. बिनलग्नाची, सत्तरी गाठलेली, जिभेला धार अशी की फादरसुद्धा जपून बोलायचे. ती त्या दिवशी इस्पितळातून आली, आपल्या खोलीत गेली आणि पलंगावर मटकन बसली.

"सूनबाई, पडदे कुठायत गं?"

मेयो या आयरिश परगण्यातल्या आमच्या गावात फादर पाळीपाळीने एकेका घरी येऊन मिस्सेची प्रार्थना म्हणतात. आपल्या घराचा नंबर लागला की बाईच्या अंगात येतं! आत्या इस्पितळात असताना मी भिंती रंगवल्या, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सोडलं नाही. आत्याचे जुनाट पडदे शेजारच्या पॅकी गॅव्हिनला बटाट्यांवर घालायला देऊन टाकले. वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

"अगं, त्यांच्या दुमडीत बाबांची पदकं होती," आत्या म्हणाली.

पहिल्या महायुद्धात तिचे बाबा इंग्रजांच्या फौजेत होते. परतले, तर गाव इंग्रजांविरुद्ध पेटलेलं. कुणी काम देईना, कुणी बोलेना. पॅकीचा बाप तर त्यांना बघून रस्ता बदलायचा. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून वजन लावतात ना, तशी आईने तिन्ही पदकं आत शिवली. पडदे बदलले की पदकं नव्या दुमडीत. साठ वर्षं आत्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. बापाची तेवढीच खूण उरलेली, आणि ती मी घालवली! तीही गॅव्हिनांच्या घरी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धावत गेले, तर पॅकी बाजाराला गेलेला. बटाट्यांवर पडदे होते, पण दुमड उसवलेली. आत काही नाही.

दुसऱ्या सकाळी मिस्सेला घर भरलं. पॅकी आला आणि त्याने सगळ्यांदेखत आत्यापुढे रुमाल उघडला. तिन्ही पदकं घासून लख्ख केलेली.

आत्याने त्याला रोखून पाहिलं. "तुझ्या बापाने बघितलं असतं तर?"

"बापाचं नको सांगूस," पॅकी मान खाजवत म्हणाला. "त्याच्या सख्ख्या भावाचं असलंच पदक आमच्या गोठ्यात आढ्याला खोचलंय. मरताना आई बोलली."

आत्याने दाराकडे बोट केलं.

"मग आण की, मेल्या! थांबतील फादर."

फादर थांबले. मिस्सा सुरू झाली तेव्हा आत्या आणि पॅकी शेजारी शेजारी बसले होते, दोघांच्या छातीवर पदकं. कुणासाठी प्रार्थना करायची, असं फादरनी विचारलं.

"शिपाई ओवेन लॅव्हेल," आत्या म्हणाली, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"शिपाई मार्टिन गॅव्हिन," पॅकी म्हणाला.