पडद्यावर मरणारा बाप

छातीवर हात दाबून, गुडघे दुमडून तो असा कोसळायचा की नवीन माणूस घाबरून धावत यायचा. मग जमिनीवरूनच हसत म्हणायचा, "एवढंच काम होतं माझं, माय फ्रेंड. मरायचं!"

इथे परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरातल्या एका गोदामात आम्ही शेजारी शेजारी माल लावायचो. तो नायजेरियातला, योरुबा समाजाचा. इथे येण्याआधी तिकडच्या युद्धपटांत सैनिकांच्या गर्दीत असायचा. जुने योरुबा राजे, त्यांचे सेनापती, आणि त्यांच्यासाठी पडणारा हा.

"सेनापती खरंच सगळ्यांच्या पुढे असायचा?" मी एकदा विचारलं.

"पडद्यावर. शूटिंगला छत्रीखाली बसायचा. आम्ही मेलो की उठून यायचा."

ऐतिहासिक सिनेमा सुटल्यावर थिएटरबाहेर घसा फाटेस्तोवर घोषणा देणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. त्याचा मुलगा तसाच. तिकडे नायजेरियात, इबादान शहरात आईजवळ राहणारा, कॉलेजात शिकणारा. बापाचं मरण मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघत वाढलेला. नेता म्हणजे त्या सिनेमांतला सेनापती, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग तसलीच टोपी घालून, तसलेच संवाद फेकत एक पुढारी योरुबांचं वेगळं राज्य मागू लागला, आणि पोरगा त्याच्यामागे गेला.

लंच ब्रेकमध्ये बाप फोनवर योरुबात ओरडायचा. मग फोन ठेवून मला इंग्लिशमध्ये सांगायचा, "त्याला म्हटलं, अरे, तो नुसता लाल रंग होता! मेल्यावर उठून भात खाल्ला मी!"

"मग?"

"म्हणाला, बाबा, पण तुम्ही पळाला नाहीत."

मी माझा डबा त्याच्याकडे सरकवला. त्याने त्याला हात लावला नाही.

पुढे एका सभेत गोळीबार झाला. पुढारी गाडीत बसून निघून गेला. मुलगा घरी आला नाही. त्याची आई हॉस्पिटलं, पोलीस चौक्या पालथ्या घालत होती, आणि हा इथे कानाला फोन लावून खोक्यांच्या रांगांमधून नुसता फिरत होता. सुपरवायझरही त्याला काही बोलला नाही.

शेवटी तो तिकडे जायला निघाला. मी त्याला एअरपोर्टला सोडायला गेलो. बॅग उतरवताना काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "सापडेल तो."

तो गर्रकन वळला. दोन्ही हातांनी माझा दंड धरला.

"तुला काही कळलंय?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने सावकाश माझा दंड सोडला, आणि बॅग ओढत आत गेला.