देवापुढे पसरलेला पाय

शस्त्रक्रियेनंतर माझी श्रद्धा डळमळली होती. खो-खो खेळताना गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, डॉक्टरांनी नवा बसवला, पण पाय काही सरळ होईना. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली सैल सोडायचा, असं फिजिओथेरपिस्टनी बजावलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत पाय सरळ झाला नाही, तर पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया. मग मैदान विसरायचं.

गाझियाबादच्या नव्या सोसायटीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, आणि माझी खाट देवघरासमोर. पाय सरळ केला की तळवा थेट दत्तगुरूंच्या तसबिरीकडे. खाट फिरवावी तर पाय दक्षिणेला, तेही आईला चालेना. म्हणून ती मायेने गुडघ्याखाली उशी सारायची आणि मी पाय दुमडून नामस्मरण करत पडायची. फिजिओथेरपिस्टना हे सांगायची लाज वाटे. इतकं नाव घेऊनही गुडघा तसाच, म्हणून मी दत्तगुरूंवरच रुसून बसले होते.

एका दुपारी वीज गेली, लिफ्ट बंद पडली. वर कुणाकडे तरी निघालेल्या एक पंजाबी आजी धापा टाकत आमच्या दाराशी थांबल्या. आईने त्यांना आत बसवून पाणी दिलं. त्यांनी उशीकडे पाहून चौकशी केली आणि का कोण जाणे, त्या परक्या बाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बेटी, बच्चा बीमार हो तो माँ से पैर छिपाता है क्या? सीधा कर ले. वो देख लेंगे."

मग त्यांनीच उशी काढून टाचेखाली ठेवली. आईने देवाला हात जोडले. मला रडू फुटलं. गुडघा ठणकत होता आणि मन मोकळं होत होतं.

नंतर आईने वरच्या मजल्यांवर विचारलं, तर त्या कुणाकडेच आल्या नव्हत्या म्हणे. मी फार खोलात गेले नाही. रोज देवाकडे पाय करून, नाम घेत व्यायाम करत राहिले. तपासणीत पाय सरळ निघाला. देवासमोर नीटनेटकं होऊनच जायचं असतं, असं मी समजत होते. दुखणं आहे तसं त्याच्यापुढे ठेवता येतं, हे मला त्या आजींनी शिकवलं. जिथे असतील तिथे त्यांना माझा नमस्कार पोचावा.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा मी पुन्हा मैदानात रांगेत जाऊन बसले. पाठीवर थाप पडली, मागून ‘खो’ ऐकू आला, आणि दत्तगुरूंचं नाव घेऊन मी उठून धावले.