थांबणारा मदतनीस

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. फोनमधले बोलके मदतनीस मला वाक्य पुरं करू देत नाहीत. पहिल्या अक्षरावर अडकलो, की ‘माफ कीजिए, समझ नहीं आया’ म्हणून मोकळे होतात. मोहालीतली प्रोग्रॅमरची नोकरी सांभाळून मी स्वतःपुरता एक मदतनीस लिहिला. तो कॉम्प्युटरवर चाले, हिंदीतून हुकूम घेई आणि माझं बोलणं संपेपर्यंत थांबे. त्याचा कोड मी इंटरनेटवर खुला ठेवला. कुणीही घ्यावा, बदलावा.

चंदीगडला मनीमाजऱ्यातल्या खोलीत माझ्यासोबत राहणारा नागपूरचा मित्र या कामात सामील झाला. तोही प्रोग्रॅमर, पण बोलण्यात पटाईत. कोड माझा, लोकांशी बोलणं त्याचं, अशी वाटणी आपोआप झाली. बदल मंजूर करायचा अधिकारही मी त्याला दिला.

एका शनिवारी चंदीगडच्याच सेक्टर तीसमध्ये इंजिनिअर मंडळींना आम्ही तो दाखवायला गेलो. मी लॅपटॉपपाशी, तो माइकवर.

"कैसे भी बोलो, ये सुनता है," म्हणत तो लॅपटॉपकडे वळला. "फा-फा-फाइल ख-ख-खोलो."

हुबेहूब मी. मानेला बसणारा हिसकासुद्धा. फाइल उघडली आणि हॉल हसला.

"इतना अच्छा कहाँ से सीखा?" कुणीतरी विचारलं.

"इससे," त्याने माझ्याकडे बोट केलं. मग मराठीत मला म्हणाला, "ऊठ ना बे, एकदा करून दाखव."

मी उठलो. ‘फाइल’ निघालं, ‘खोलो’ निघेना. मदतनीस थांबला होता, मीच त्याला तसं शिकवलं होतं. हसणं ओसरलं, लोक आपापल्या फोनमध्ये बघू लागले. शेवटी पहिल्या रांगेतले एक म्हातारे सरदारजी कळवळून म्हणाले, "खोलो, बेटा, खोलो." त्यांचा आवाज ऐकून फाइल उघडली. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

"लोकांच्या पक्कं लक्षात राहिलं यार," परतताना रिक्षात तो म्हणाला. "अजून काय पाहिजे तुला?"

खरंच राहिलं. अनोळखी लोक कोडला हातभार लावू लागले. हा फार थांबतो, कंटाळा येतो, ही त्यांची पहिली तक्रार. एका सकाळी नवी आवृत्ती उतरवून मी नेहमीसारखा बोलायला लागलो आणि माझाच मदतनीस म्हणाला, ‘माफ कीजिए, समझ नहीं आया.’ थांबणं काढायला मित्राने परवानगी दिली होती. प्रकल्पाच्या पानावर निर्माता म्हणून त्याचं नाव होतं. माझं तळाशी, चाचणीसाठी आवाज दिल्याबद्दल आभार म्हणून.

मी त्याला मोठा मेसेज लिहिला. उत्तर आलं, "हरकत असेल तर मीटिंगमध्ये बोल. सगळे ऐकतील."

प्रकल्पातल्या सगळ्यांची मीटिंग ऑनलाइन होती. माझी पाळी आली. मी माइक सुरू केला, तोंड उघडलं. "आवाज़ नहीं आ रही," कुणी म्हणालं. "छोड़ो, आगे चलते हैं." मित्र स्क्रीनवर होता. तो पुढच्या मुद्द्याकडे वळला.

त्या कामाच्या जोरावर त्याला बंगळुरूला नोकरी लागली. निघाला त्या दिवशी त्याची बॅग मीच टॅक्सीपर्यंत नेली. हे तू बरोबर केलं नाहीस, एवढंच मला म्हणायचं होतं.

"ह-ह-ह..."

"हो रे, हो," त्याने मला मिठी मारली. "मलाही तुझी आठवण येईल."

आणि तो टॅक्सीत बसला.