पोपटीचं भरलेलं मडकं

चौलच्या शाळेत बदली झाली, त्या पहिल्या हिवाळ्यात खोकल्याने आणि एकटेपणाने मी पुरता गळाठलो होतो. शाळा सुटली की मफलर गुंडाळून, खोलीचं दार लावून पडून राहायचो. वाटेवरच्या वालाच्या शेतात एक म्हातारा रोज दिसे. एका संध्याकाळी त्याने बांधावरच्या भांबुर्ड्याच्या झुडपांकडे बोट दाखवून हाक मारली, "मास्तर, पोपटी लावतोय. तेवढा पाला आना."

मी पाला आणला. त्याने पाला आणि मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा मडक्यात गच्च भरल्या, मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला; हीच पोपटी. मधूनच तो मडक्यावर पाणी शिंपडून कान देई. थेंब चर्रकन वाजले, तसा "शिजली" म्हणत हसला. तोवर आसपासची दहा माणसं जमली होती.

मी म्हणालो, "माझ्या शेंगा रुमालात द्या, खोलीवर नेतो."

"तसं न्हाय जमायचं. अर्धं मडकं नीट शिजत न्हाय, आन् भरलेलं एकट्याला सरत न्हाय. बसा."

बसलो. खोकला कधी गेला ते आठवत नाही. हसताना लागलेला ठसका आठवतो. त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अजूनही थंडी पडली की मी आधी शेजाऱ्यांची दारं ठोठावतो, मग मडकं शोधतो.