डोस नको म्हणणारी मुलगी

माझ्या लांबच्या पोरांनो,

तुमच्यातली मोठी आता कॉलेजात जाणार. काल ती फोनवर कुरकुरत होती, की कॉलेजने सगळ्या लसींचे दाखले मागितले आहेत, आणि लस घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवू नये का? मला आमच्या बदलापूरच्या घरातली एक गोष्ट आठवत होती आणि ती फोनवर नीट क्रमाने सांगता आली नसती. म्हणून लिहिते.

करोनाचे दुसरे वर्ष होते. आमच्या वरच्या खोलीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी भाड्याने राहत होती. तिचे गाव बारवी धरणाच्या पलीकडे, घरी भातशेती. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून कॉलेज बंद असूनही ऑनलाइन तासांसाठी ती इथेच थांबलेली. कॉलेज उघडणार, पण दोन्ही डोस झालेल्यांनाच प्रयोगशाळेत घेणार, असे कळले. दोन डोसांत बरेच आठवडे जाऊ द्यावे लागत. तिने पहिला लगेच घेतला नाही, तर प्रॅक्टिकल हुकणार आणि वर्ष वाया जाणार.

जिन्यात गाठ पडली तेव्हा मी सुरुवात केली, "अगं, कॉलेज उघडतंय, आणि तू अजून..."

"आजी, डोस नको! वीट आलाय," असे म्हणून ती वर पळाली.

मी तिथेच उभी राहिले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलगी लसीला नको म्हणते? राग नाही आला, पण कारण कळल्याशिवाय चैन पडेना.

संध्याकाळी काही मुले माझ्याकडे गच्चीवर इंग्रजी बोलायचा सराव करायला येत, अंतर ठेवून बसत. त्या दिवशी मी इंग्रजी बाजूला ठेवले आणि प्रत्येकाला विचारले.

"आंटी, मी तर नंबर लागला तसा घेतला," उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला सिंधी मुलगा म्हणाला. "पापा बोले, दुकान में बैठना है तो पहले सुई."

"मी थांबलोय," दुसरा म्हणाला. "आधी बाकीच्यांचं काय होतं ते बघू."

"म्हणजे आम्ही तुझे उंदीर काय रे?" पहिल्याने टोकले.

सगळे हसले. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या भाडेकरणीला मी विचारले, "आणि तू का नको म्हणतेस?"

"मी कधी नको म्हटलं?"

"जिन्यात. डोस नको म्हणालीस."

ती इतकी हसली, की मास्क हनुवटीवर आला. "अहो आजी, तुम्ही उपदेशाचा डोस पाजणार असं वाटलं! तो नको म्हटलं. लसीचा हवाय मला."

हसू ओसरल्यावर तिने खरी अडचण सांगितली. आई नको म्हणत होती. ही सुई टोचलेल्या पोरीला पुढे मूल होत नाही, असे गावात कोणीतरी तिच्या डोक्यात भरवले होते. "चोरून घेता येईल," मुलगी म्हणाली, "पण आईशी खोटं बोलून नाही घ्यायची."

रविवारी आई भाजी घेऊन आली. मी मुद्दे मनात क्रमाने लावून बसले होते. मुलीने मला डोळ्यांनीच गप्प बसवले आणि आईच्या दंडावरच्या गोल वणाला बोट लावले.

"आये, हे कशाचं?"

"ल्हानपनी टोचलेलं."

"मग मी कशी झाले?"

आईने पदर दंडावर ओढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तवा मला कोनी इचारलं व्हतं? धरली न् टोचली. आता ही पोर मला इचारतेय तरी." आणि मुलीला म्हणाली, "घे. पन मी बी येते. आधी मला टोचू दे. काय व्हायचं ते मला व्हईल."

केंद्र एका शाळेत होते. आई खरोखरच पुढे बसली. सुई झाल्यावर आम्ही तिघी लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन अर्धा तास बसलो. आई मुलीपेक्षा स्वतःचाच दंड पुन्हा पुन्हा चाचपत होती. रात्री दोघींना ताप आला, सकाळी उतरला. दुसरा डोस वेळेत झाला आणि प्रॅक्टिकलही.

तेव्हा माझ्या लाडके, ठरवायचे ज्याचे त्यानेच, हे मला मान्य आहे. पण ती मुलगी डोस घेण्याआधी आईला विचारायला थांबली, आणि विचारले म्हणूनच आई हलली. माझे मुद्दे तसेच राहिले.

त्या लसीचा वण दोघींच्याही दंडावर नाही. मुलगी आता अंबरनाथला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. अधूनमधून येते आणि दारातूनच ओरडते, "आजी, चहा आहे की डोस?" तेवढे अजून शिल्लक आहे.