खांद्यावरचा कॅमेरा आणि मामांचा धक्का

नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूरकडं मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. कॅमेऱ्यानं खांदा दुखायचा, म्हणून निमगाव केतकीच्या वेल्डरकडून लोखंडी आधार करून घेतला. खांद्यावर सायकलची सीट आणि पुढची सळई पोटाला टेकलेली. माप मात्र मी उपाशीपोटी दिलं.

सणसरच्या एका लग्नात शूटिंगवाला म्हणून मला मुहूर्ताआधीच जेवायला बसवलं. जिलेबीला मी नाही म्हटलं नाही. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला, तेव्हा आधारामुळं एक हात मोकळा होता. कॅमेऱ्यावरून डोळा काढून मीही ऐटीत अक्षता टाकल्या. फुगलेल्या पोटानं सळई वर रेटली होती. कॅसेटमध्ये नवरा-नवरीच्या जागी नुसती मांडवाची झालर आली. मी सांगितलं, अंतरपाट धरणाऱ्या मामांचा धक्का लागला. नवरीच्या आईनं भावाशी बोलणं टाकलं.

इतक्या वर्षांनी, परवा मामांना सोबत घेऊन त्या बाईंकडं गेलो आणि खरं सांगितलं.

"म्हंजे धक्का न्हवताच व्हय, आबा?" बाईंनी मला विचारलं.

"न्हवता. माझं पोट होतं."

मामा म्हणाले, "आक्का, मी तवाच सांगत हुतो."

"तू काय, समद्यालाच न्हाय म्हणतुस," त्या म्हणाल्या, आणि चहाचा पहिला कप त्यांनी भावापुढं ठेवला.