तिरक्या अक्षरांचा तांब्या

आमचे हे चिंचवडला भांड्यांवर नावं घालायचे. छिन्नी, हातोडी आणि बसायला गोणपाट, एवढाच पसारा. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता, त्या साली यांनी कुठूनशी औषधाची रिकामी बाटली घरी आणली आणि झालं, माणूस कामातून गेला!

बाटलीवर इंग्रजी कागद. अक्षरं सगळी एका अंगाला कललेली, वाऱ्यातल्या ज्वारीसारखी. उतरती रेघ चांगली जाड, चढती केसाएवढी बारीक. यांना इंग्रजी कुठलं यायला! पण पवनेच्या काठी दुपारभर बाटली उन्हात फिरवत बसायचे. मी म्हणायची, "अहो, आधी पोटात काही ढकला!" हे नुसते हसायचे. मग आपली मराठी अक्षरंही तशीच काढायला लागले. राग यायचा मला, पण खोटं कशाला बोलू, बघत राहावंसं वाटायचं. नाव पितळेवर नाही, पाण्यावर तरंगतंय असं वाटायचं.

गिरणीवाल्या उद्धवरावांनी हौसेनं यांच्याकडून तशी पाटी रंगवून घेतली. रस्त्यावरून बघावं तर बारीक रेघा गायब, नुसते जाड फटकारे! त्यांनी यांना चांगलंच फैलावर घेतलं. "हातात धरून वाचायची अक्षरं आहेत ती," हे म्हणाले, आणि साधी पाटी रंगवून दिली.

मग चाकणकडची कुशाबाई आली. लेकीचं लग्न ठरलेलं, सासर पार कोकणात. तिनं पदराखालून पितळी तांब्या काढला.

"ज्योतीरामभाऊ, लेकीचं म्हायेरचं नाव घाला. तिकडं मंजुळाची विमल करनार हाईत. येवढं तरी तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

यांनी तीच कललेली अक्षरं काढली. मला राहवेना. "बाई, चिंच-राखेनं घासलंत की या बारीक रेघा जातील. जाड घालून घ्या."

कुशाबाईनं नावावरून बोट फिरवलं. वाचता कुठं येत होतं तिला! "न्हाई," ती म्हणाली, "माजी पोर अशीच हाय. नाजूक."

तीन-चार वर्षांनी कुशाबाई गेली. तिच्या दिवसांना आलेली मंजुळा तांब्या घेऊन आमच्याकडे आली. तांब्या काळाकुट्ट! मी तोंडावरच म्हटलं, "अगं, सासरी चिंच मिळत नाही का?"

"घासलाच न्हाई, काकू. सासूबाई रोज बोलत्यात. बोलू देत. पन घासला तर नाव जाईल." मग यांच्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, नाव न जाता उजळंल का हो?"

यांनी तांब्या उजेडाकडे धरला. रेघ न रेघ शाबूत होती. "नाही गं पोरी. काळाच राहू दे."

"ऱ्हाऊ दे मग. तिकडं त्या नावानं मला कुनी हाक मारत न्हाई. हितं आय मारायची, आता ती बी न्हाई."

तांब्या पदराखाली घेऊन ती निघाली. मी धावत ओट्यावर आले आणि जोरात हाक मारली, "मंजुळेऽऽ!"

"ओऽ!" तिनं ओ दिली आणि तिथंच, भर रस्त्यात रडत उभी राहिली.